कोरडी चेष्टा आणि गुपचूप चिमटा : इंग्रजी अलंकारांच्या नावांची गोष्ट

आजचा विषय निघाला तो वर्गातल्या एका गप्प क्षणावरून. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेतली ओळ देतात आणि विचारतात, अलंकार ओळखा. मुलं ओळखतात. सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन, पर्सॉनिफिकेशन. मार्क मिळतो. हीच मुलं पुढे बी.ए.ला आमच्यासमोर येऊन बसतात. आम्ही विचारतो, "बरं, इथे मेटाफर आहे. मग?" आणि वर्ग गप्प. या 'मग?'ला काही उत्तर असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचा दोष नाही. नाव ओळखणं आणि नाव वापरणं यांची फारकत कधी झाली, हे बघायचं तर आपल्याला इंग्लंडात, साडेचारशे-पाचशे वर्षं मागे जावं लागेल.

सोळाव्या शतकातलं ग्रामर स्कूल डोळ्यांसमोर आणा. ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण, इंग्रजीचं नव्हे. इंग्रजी घरी बोलायची. या शाळांवर मोठा प्रभाव होता डच पंडित इरॅस्मसचा. त्याचं 'डे कोपिया' हे पुस्तक १५१२ सालचं, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी तयार केलेलं. त्यात तो पत्र मिळाल्याचा आनंद सांगणारं एक साधं वाक्य घेतो आणि ते शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवतो. कधी शब्द बदलून, कधी उपमा देऊन, कधी अतिशयोक्ती करून. पुढे सुसेनब्रोटस नावाच्या जर्मन शिक्षकाचं एक छोटं पुस्तक शाळांमध्ये चालायचं, त्यात १३२ अलंकार होते. एकशे बत्तीस! पोरांनी ते पाठ करायचे, सिसेरो वाचताना ओळखायचे, वहीत उतरवायचे, आणि मग, ही गोष्ट महत्त्वाची आहे, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लिखाणात वापरायचे. सुताराच्या पोराला रंधा, पटाशी, करवत यांची नावं शिकवतात ती हत्यारं हातात घेण्यासाठी. तसं होतं हे. अलंकाराचं नाव म्हणजे हत्याराचं नाव.

ही नावं मात्र सगळी ग्रीक. लॅटिनमध्ये शिकणाऱ्या मुलाला त्याचं काही वाटत नसे. अडचण आली ती इंग्रजीतून शिकवायची वेळ आल्यावर. रिचर्ड शेरीने १५५० साली अलंकारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, थॉमस विल्सनने १५५३ साली वक्तृत्वशास्त्रावर लिहिलं, हेन्री पीचमने १५७७ साली 'वक्तृत्वाची बाग' अशा अर्थाचं नाव देऊन आणखी एक. विषय इंग्रजीत, पण संज्ञा ग्रीकच. गंमत म्हणजे याच विल्सनने परक्या, पंडिती शब्दांची यथेच्छ टर उडवली होती. अशा शब्दांना तेव्हा 'इंकहॉर्न' म्हणत. शाई ठेवायचं शिंग, म्हणजे आपली दौत. दौतीतून निघालेले आणि तोंडात न बसलेले शब्द!

काहींनी दुसरं टोक गाठलं. राल्फ लीव्हर नावाच्या गृहस्थाने १५७३ साली तर्कशास्त्राचं पुस्तक काढलं आणि तर्कशास्त्रालाच नाव दिलं 'विटक्राफ्ट'. म्हणजे अकलेची कारागिरी. निष्कर्षाला 'एंडसे', शेवटचं बोलणं. व्याख्येला 'सेव्हॉट', काय ते सांग. आपल्याला आज हसू येतं. पण पदनाम कोशातले काही शब्द ऐकून आपण हसतो तसलं हे हसू नाही बरं का. तिथे संस्कृतातून अवघड शब्द घडवल्याची तक्रार असते. लीव्हरने रस्त्यावरच्या इंग्रजीतून सोपे शब्द घडवले होते. तरी एकही टिकला नाही.

आता आजच्या गोष्टीचा नायक. १५८९ साली लंडनमध्ये 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हे पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं. छापणारा रिचर्ड फील्ड. हा मूळचा स्ट्रॅटफर्डचा, आणि चारच वर्षांनी याच छापखान्यातून त्याच्या गाववाल्याचं, शेक्सपियरचं, 'व्हीनस अँड अडोनिस' बाहेर पडलं. पुस्तकाचा लेखक जॉर्ज पटनम, असं आता सर्वसाधारणपणे मानतात. माणूस काही फार सज्जन नव्हता. बायकोशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, तुरुंगाच्या वाऱ्या. पण इंग्रजी भाषेचा कान मात्र असा, की वाचत राहावं.

पटनमचा वाचक शाळेतला पोर नव्हता. राणी एलिझाबेथच्या दरबारातले स्त्री-पुरुष त्याच्या डोळ्यांपुढे होते. पुस्तकाचा तिसरा भाग अलंकारांवर आहे, आणि तो सुरू होतो कपड्यांपासून. दरबारातल्या बड्या स्त्रिया साध्या वेषात आल्या तर त्यांना आणि बघणाऱ्यालाही ओशाळं वाटेल, तसंच कवितेचं. आपल्याला हे नवं नाही, कारण आपला शब्दच 'अलंकार' आहे. पण पटनमला पेच पडला तो नावांचा. या मंडळींना ग्रीक नावं सांगितली तर ती हसतील किंवा कंटाळतील. म्हणून त्याने शंभराच्या वर अलंकारांना इंग्रजी नावं ठेवली, आणि नव्या नावांबद्दल वाचकाची माफीही मागून ठेवली.

काय नावं आहेत! आयरनी म्हणजे 'ड्राय मॉक', कोरडी चेष्टा. सार्कॅझम म्हणजे 'बिटर टाँट', कडू टोमणा. हायपर्बलीला दोन नावं : 'ओव्हररीचर', म्हणजे आवाक्याबाहेर हात घालणारा, आणि 'लाउड लायर', मोठ्यांदा खोटं बोलणारा. हसतहसत हळूच लागेल असं बोलणं, ग्रीकमध्ये खारिएन्टिस्मस, ते झालं 'प्रिव्ही निप', गुपचूप चिमटा. तोंड वेडावून, नाक मुरडून केलेला उपहास 'फ्लीअरिंग फ्रम्प'. एकच शब्द लागोपाठ यावा, तर ती 'ककू-स्पेल', कारण कोकीळजातीचा तो पक्षी एकच सूर परत परत लावतो. बोलता बोलता श्रोत्याकडून तोंड वळवून भलत्यालाच हाक मारायची, ॲपॉस्ट्रफी, ती 'टर्न-टेल'. आणि मेटाफर? 'फिगर ऑफ ट्रान्सपोर्ट'. वाहतूक! हे काही त्याने मनाने घेतलं नाही, ग्रीक शब्दाचा अर्थच इकडून तिकडे वाहून नेणं असा आहे. आजही ग्रीसमध्ये मालवाहू ट्रकवर हाच शब्द रंगवलेला असतो.

या नावांकडे जरा थांबून बघा. ती अलंकाराची जात सांगत नाहीत. अलंकार काय करतो, कुणाला करतो, ते सांगतात. टोमणा कुणाला तरी मारावा लागतो. चिमटा कुणाला तरी बसतो. 'आयरनी आहे' असं लिहून पोराला थांबता येतं. 'इथे कोरडी चेष्टा आहे' असं लिहिलं, तर कुणी कुणाची केली, आणि कोरडी का, हे आलंच.

मग ती टिकली का नाहीत? आमच्या मते कारण साधं आहे, शाळा. दरबार फॅशन बदलतो, शाळा पाठांतर बदलत नाही. गावोगावचे मास्तर सुसेनब्रोटसच शिकवत राहिले, आणि ज्याने मार खात खात ग्रीक नाव पाठ केलंय तो सोपं नाव कशाला स्वीकारेल? अवघड नाव हा शिकलेपणाचा बिल्ला होता. शेक्सपियरने 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्नीज हा मास्तर रंगवलाय, तो याच बिल्लेवाल्यांपैकी. पटनमच्या नावांपैकी 'ओव्हररीचर' तेवढं मोठ्या दिमाखात परत आलं. १९५२ साली हॅरी लेव्हिनने मार्लोवरच्या आपल्या ग्रंथाला तेच नाव दिलं.

दरम्यान एक गोष्ट घडत होती, जी त्या काळात कुणाला मोठी वाटली नसेल. १५७९ साली एडमंड स्पेन्सरचं 'शेपर्ड्स कॅलेंडर' प्रसिद्ध झालं, आणि त्याबरोबर 'ई. के.' एवढीच सही करणाऱ्या कुणाच्या तरी टिपा. एका ठिकाणी हा ई. के. सांगतो, की या ओळींत आधीचं बोलणं दुरुस्त करून घेण्याचा अलंकार आहे आणि जोडीला शब्दावरचा खेळही आहे. दोन्हींची नावं अर्थात ग्रीक. सिसेरोच्या समासात लिहायचं ते आता हयात इंग्रज कवीच्या कवितेखाली लिहिलं गेलं! नऊ वर्षांनी, १५८८ मध्ये, अब्राहम फ्रॉन्सने अलंकारांची उदाहरणं होमर आणि व्हर्जिलच्या शेजारी फिलिप सिडनीच्या 'आर्केडिया'तून दिली. स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन'मधलंही उदाहरण दिलं, आणि ते काव्य तेव्हा छापलंसुद्धा गेलेलं नव्हतं. हत्यारांची नावं आता दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर चिकटू लागली. इंग्रजी साहित्याचं विश्लेषण म्हणतो ते इथून सुरू होतं, आणि नुसती चिठ्ठी चिकटवून मोकळं होण्याची सोयही इथूनच.

सतराव्या शतकात अलंकारांना वाईट दिवस आले. १६६७ साली रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅटने गणितासारख्या साध्या भाषेचा आग्रह धरला. १६९० च्या आपल्या निबंधग्रंथात जॉन लॉकने अलंकारांना फसवणुकीचं साधन ठरवलं. आणि हे सांगून झाल्यावर त्याने वक्तृत्वाला उपमा कशाची द्यावी? स्त्रीच्या सौंदर्याची! असो. अठराव्या शतकात एडिनबरात ह्यू ब्लेअरची व्याख्यानं गाजली आणि १७८३ साली छापली गेली. त्यात अलंकार परत आले, पण आता भर होता अभिरुचीवर. आपण चांगलं लिहावं यापेक्षा चांगलं कशाला म्हणावं, हे कळण्यावर.

पुढची पायरी परीक्षेची, आणि इथे आपला संबंध येतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर १८६२ साली पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, ते इंग्रजीची परीक्षा देऊन. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडलं, केंब्रिजमध्ये १९१७. म्हणजे इंग्रजी साहित्य हा परीक्षेचा विषय आपल्याकडे आधी झाला. आणि परीक्षेला काय सोयीचं? ज्याचं उत्तर एका शब्दात तपासता येतं ते.

त्याच केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या. उत्तरांचा निकाल १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये आहे. चांगली शिकलेली मुलं, पण साधा अर्थ लावताना अडखळलेली. याच रिचर्ड्सने १९३६ साली तक्रार केली, की मेटाफरच्या दोन भागांना इंग्रजीत धड वेगळी नावंच नाहीत. मग त्याने दोन शब्द पुढे आणले, 'टेनर' आणि 'व्हेइकल'. व्हेइकल म्हणजे वाहन. पटनमच्या 'ट्रान्सपोर्ट'नंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी पुन्हा वाहतूकच! आणि आपला शाळकरी मुलगा उपमेय आणि उपमान हे दोन शब्द केव्हाच शिकलेला असतो.

पण लगेच छाती फुगवू नका. मेटाफर म्हणजे रूपक, असं आपण लिहून टाकतो. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात, ती एकरूप केलेली असतात. 'मुखचंद्र' म्हटलं तर रूपक. पण मुखाचं नावच न घेता 'चंद्र उगवला' म्हटलं, तर जुने संस्कृत आलंकारिक त्याला अतिशयोक्तीच्या एका प्रकारात घालतात. इंग्रजीत दोन्ही मेटाफर. आणि आपण अतिशयोक्ती कशासाठी राखून ठेवलीय? हायपर्बलीसाठी. आयरनीचं तर विचारूच नका. स्तुतीच्या मिषाने निंदा असेल तर व्याजस्तुती चालेल, पण नाटकात प्रेक्षकाला माहीत असलेलं संकट पात्राला माहीत नसतं, तिथे काय म्हणणार?

गेल्या वर्षी आम्ही एका वर्गात अलंकारांची ग्रीक नावं आठवडाभर बंद ठेवली. संस्कृतही बंद. काय दिसतंय ते आपल्या बोलीत सांगा, म्हटलं. पहिले दोन दिवस कुणी तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हा कवी गोड बोलून काटा काढतोय." आम्ही विचारलं, "कुणाचा?" आणि ती पुस्तकात परत शोधायला लागली.