साथीदाराची ध्वनिमुद्रिका

रॉक संगीतात ड्रमवादकाची जागा बहुधा मागच्या रांगेत असते. गायक आणि गिटारवादक पुढे उभे राहून 'मी' म्हणतात. ड्रमवादक त्यांची लय सांभाळतो. असा वादक स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढतो, तेव्हा त्यातला 'मी' कोण असतो? आत्मचरित्र वाचताना निवेदकाविषयी हाच प्रश्न विचारणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

या संदर्भात मिकी हार्टचे उदाहरण आम्हांला विशेष बोलके वाटते. 'ग्रेटफुल डेड' या कॅलिफोर्नियातील बँडमध्ये तो १९६७ साली दुसरा ड्रमवादक म्हणून दाखल झाला. त्याचे वडील लेनी हार्ट काही काळ या बँडचे व्यवस्थापक होते. त्यांनी बँडचे पैसे लाटल्याचे १९७० साली उघडकीस आले. या अपराधभावाच्या ओझ्याखाली मुलगा फेब्रुवारी १९७१ मध्ये बँडमधून बाहेर पडला. 'रोलिंग थंडर' (१९७२) ही त्याची पहिली एकल ध्वनिमुद्रिका या विजनवासातली आहे.

अशा वेळी कैफियत मांडण्याचा मोह अनेकांना झाला असता. हार्टने मात्र नोव्हॅटो येथील आपल्या स्टुडिओत माणसे जमवली. ज्या बँडपासून तो दुरावला होता, त्यातलेच जेरी गार्सिया आणि बॉब वीअर तेथे आले. श्रेयनामावलीत उस्ताद अल्लारखाँ आणि त्यांचे तरुण चिरंजीव झाकीर हुसेन यांचीही नावे आहेत. 'द मेन टेन' ही त्यातील रचना दहा मात्रांच्या आवर्तनावर उभी आहे. झपताल ऐकत वाढलेल्या कानाला दहाचा हिशेब नवा नाही. रॉकच्या चार मात्रांना सरावलेल्या श्रोत्याला मात्र तो अडखळवणारा होता. या रचनेचे दुसरे नाव 'प्लेइंग इन द बँड' असे आहे. बँडबाहेर पडलेल्या वादकाच्या ध्वनिमुद्रिकेत हे शब्द यावेत, यातील उपरोध सहज लक्षात येतो.

ऑक्टोबर १९७४ मध्ये हार्ट बँडमध्ये परतला. झाकीर हुसेन यांच्याशी जुळलेले नाते मात्र पुढेही बहरले. 'दिगा' (१९७६) त्यातूनच आली. 'प्लॅनेट ड्रम'ला (१९९१) जागतिक संगीताचा पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांच्या निधनाने हा दीर्घ संवाद थांबला.

आपल्याकडे एकल तबलावादनातही कुणीतरी पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरून बसलेले असते. एरवी साथ करणारा पुढे येतो आणि स्वराचे वाद्य त्याच्यासाठी आवर्तन राखते. भूमिका बदलतात, साथ सुटत नाही. 'रोलिंग थंडर'मधला 'मी' आम्हांला याच जातीचा वाटतो: इतरांना बोलावल्याशिवाय ज्याला स्वतःविषयी काही सांगताच येत नाही.