वाफ्यातला माणूस

साल १८५०, मे महिना. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेत अजून पुरतं उजाडलेलं नाही. घोंगडी लपेटून तुम्ही वाफ्याच्या बांधावर उभे आहात. दवाने भिजलेली तांबडी माती वहाणांना चिकटतेय. तिकडे वेण्णा तलावावर धुकं बसलंय. तलाव बांधून आठच वर्षं झाली, आणि सातारचं राज्य नुकतंच खालसा झालंय.

वाफ्यात एक माणूस वाकलाय. बोटांनीच माती उकरतो, बटाटा वर काढतो, अंगठ्याने पुसतो, खळगीत अडकलेली माती नखाने खरवडतो. मग तो बटाटा टोपलीत टाकत नाही, ठेवतो. वेताची ती टोपलीही इथल्याच कैद्यांनी विणलेली.

हा चिनी कैदी. सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून जहाजात घालून इकडे धाडलेल्यांपैकी एक. सह्याद्रीच्या या माथ्यावर त्यांचा तुरुंग आहे. तुम्ही त्याला हाक मारायला तोंड उघडता आणि थांबता. काय म्हणून हाक मारणार?

दिवस मावळतो. आता तुम्ही एका बंगल्याच्या बाहेर, खिडकीच्या फटीला डोळा लावून. आत दिवा आहे, ताटलीत तेच बटाटे वाफाळताहेत. मडम गुडघ्यावर पुस्तक ठेवून वाचतेय: मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’. ते लंडनला प्रथम निघालं १ जानेवारी १८१८ ला, लेखिकेच्या नावाशिवाय. त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावला लढाई पेटली होती, आणि कंपनीच्या फौजेत महार शिपाई लढत होते, गावाने ज्यांना कुसाबाहेर ठेवलं होतं ते. ‘बहिष्कृत’ या शब्दाचा अर्थ आपल्याला परक्या कादंबरीतून शिकावा लागत नाही.

मडम पान उलटते. पुस्तकातला, फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला अजस्र जीवही असाच फटीतून बघतोय. एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात तो लपलाय. त्या घरची माणसं बोलतात ते ऐकून भाषा शिकतो. रात्री रानात जाऊन त्यांच्यासाठी सरपण तोडतो, दारातला बर्फ बाजूला सारतो. सकाळी घरचे चकित होतात, कुणी देवमाणूस येऊन गेला म्हणतात. शेवटी धीर करून तो आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो. म्हातारा मायेने बोलतो, कारण त्याला चेहरा दिसत नाही. तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा दारात येतो आणि या जीवाला काठीने झोडपतो. त्याला फाडून टाकायची ताकद अंगात असूनही हा हात उचलत नाही.

पुढे त्याच्या हातून खून होतात, एका अजाण पोराचाही. शेली त्यावर पांघरूण घालत नाही, आणि घालूही नये. पण मला ही कादंबरी दर वेळी त्या सरपणाच्या मोळीपाशीच अडवते. लाकूड चुलीत गेलं, ऊब सगळ्यांनी घेतली. तोडणारा दारात उभा राहिला तेव्हा मात्र काठी निघाली.

मडम पुस्तक मिटते, बटाट्याचा तुकडा तोंडात घालते. तुरुंगाच्या बाजूला अंधार आहे.

आता वर्षं झरझर सरकू द्या. १८६४: तुरुंग बंद होतो. सुटलेल्यांतले काही परतत नाहीत. इथेच मळे करतात, भाजी पिकवतात, याच मातीत म्हातारे होतात. कादंबरीतल्या जीवाला हेही मिळालं नाही. तो उत्तरेच्या बर्फात एकटाच दिसेनासा होतो. त्याच्या निर्मात्यानेही त्याला नाव दिलं नव्हतं. लोक आजही त्याला निर्मात्याच्याच नावाने ओळखतात.

आणि तुम्ही पुन्हा आजच्या महाबळेश्वरात, पावसाळ्यात, धबधब्यासमोर. तुषारांनी चष्मा धुरकटतो. शेजारी एक लहान मुलगी बापाचा हात ओढून विचारते, “बाबा, याचं नाव काय?”

“चायनामन्स फॉल.”

“म्हणजे कोण?”

बाप पाण्याकडे बघत राहतो.