तंत्रिकाविज्ञान : विकास व उपयोग

मेंदू, मेरुरज्जू, तंत्रिका (मज्जातंतू) व ज्ञानेंद्रिये यांची रचना, कार्य, वाढ आणि विकृती यांचा एकत्रित अभ्यास करणारी विज्ञानशाखा. शारीर, शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि अलीकडे संगणकविज्ञान अशा अनेक शास्त्रांचा तीत संगम झालेला आहे. स्वतंत्र शाखा म्हणून तिला मान्यता १९६० नंतर मिळाली. तथापि तिच्यातील मूळ प्रश्न फार जुना आहे. विचार, स्मृती व इच्छा यांचे अधिष्ठान शरीरात कोठे आहे आणि तेथून स्नायूंपर्यंत आज्ञा कशी पोहोचते, हा तो प्रश्न होय.

इ. स. पू. सतराव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका ईजिप्शियन पपायरसात ४८ रुग्णांचे वर्णन असून मेंदूचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख त्यात आढळतो. असे असूनही ममी तयार करताना ईजिप्शियन लोक हृदय जपून ठेवीत व मेंदू काढून टाकीत. ॲरिस्टॉटल यांनीही हृदयालाच प्राधान्य दिले. मेंदू हे रक्त थंड करणारे इंद्रिय आहे, असे त्यांचे मत होते. चरकसंहितेत शिराला उत्तमांग म्हटले असून प्राण व इंद्रिये तेथे आश्रित असल्याचे सांगितले आहे, मात्र चेतनेचे स्थान हृदय मानले आहे. दुसऱ्या शतकात गेलेन यांनी डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंत्रिका कापल्या असता त्याचा आवाज बंद पडतो, हे प्रयोगाने दाखविले. हृदयवादाला दिलेले हे सर्वांत समर्पक उत्तर होते. पण तंत्रिकांमधून सूक्ष्म ‘चैतन्य’ वाहते ही त्यांची कल्पना पुढे जवळजवळ दीड हजार वर्षे टिकून राहिली.

ती कल्पना मागे पडली ती विजेमुळे. लुईजी गॅल्व्हानी (१७३७–९८) यांनी बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर १८५० मध्ये हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी बेडकाच्या तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजला; तो सेकंदाला सु. ३० मी. भरला. हा वेग कधी मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांचे मत होते. आवेग प्रकाशाच्या वेगाने जात नाही, किंबहुना ध्वनीपेक्षाही मंद जातो, हे कळल्यावर मनाचे व्यापारही कालमापनाच्या कक्षेत आले. १८६१ मध्ये पॉल ब्रॉका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत डाव्या अग्रखंडाचा विशिष्ट भाग नष्ट झाल्याचे दाखवून दिले.

तरीही तंत्रिका तंत्र कशाचे बनले आहे, हा प्रश्न अनुत्तरितच होता. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा ऊतक म्हणजे धाग्यांचा केवळ गुंता दिसे. कामील्लो गॉल्जी (१८४३–१९२६) हे मिलानजवळच्या एका रुग्णालयात काम करीत असता त्यांनी तेथील स्वयंपाकघरात तात्पुरती प्रयोगशाळा थाटली आणि १८७३ मध्ये रजत लवणांनी ऊतक रंगविण्याची पद्धत शोधून काढली. या पद्धतीत फार थोड्याच कोशिका (पेशी) रंग घेतात, परंतु ज्या घेतात त्या सर्व फाट्यांसह काळ्याभोर दिसतात. तिचे सामर्थ्य या उणिवेतच आहे. सर्व कोशिका रंगल्या असत्या, तर काहीच दिसले नसते. हे सर्व धागे परस्परांत मिसळून एक अखंड जाळे बनते, असे गॉल्जी यांचे मत झाले.

सांत्यागो रामॉन ई काहाल (१८५२–१९३४) यांनी ही पद्धत प्रथम १८८७ मध्ये माद्रिद येथे पाहिली. ती सुधारून त्यांनी पक्ष्यांच्या व कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूंवर वापरली आणि प्रत्येक तंत्रिका कोशिका स्वतंत्र असून तिचे फाटे दुसरीला भिडतात पण मिसळत नाहीत, असा निष्कर्ष १८८८ पासून मांडला. १८९१ मध्ये व्हिल्हेल्म व्हाल्डायर यांनी या कोशिकेला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून मिळाले, आणि ते स्वीकारताना गॉल्जी यांनी आपल्या भाषणात काहाल यांच्याच सिद्धांतावर टीका केली. एकाच तंत्राने पाहिलेल्या चित्रांतून दोघांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले होते. वादाचा अखेरचा निर्णय १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन कोशिकांमधील फट प्रत्यक्ष दाखविल्यावर लागला. हा प्रश्न केवळ शारीराचा नव्हता. फट असेल तर संदेश ती ओलांडतो कसा, हे सांगणे भाग होते. ओटो लोव्ही यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला देऊन हे कार्य रासायनिक पदार्थ करतात, असे दाखविले. मनावर व हालचालींवर परिणाम करणाऱ्या बहुतेक आधुनिक औषधांचा पाया येथे घातला गेला.

कंपवातावरील उपचार हे याचे उत्तम उदाहरण होय. सर्पगंधेपासून मिळणारे रेसर्पीन दिल्याने निश्चल झालेले प्राणी एल-डोपाने पुन्हा हालचाल करू लागतात, असे आर्व्हिड कार्लसन यांना १९५७ मध्ये आढळले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे कंपवाताने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूंत डोपामीन अत्यंत कमी असल्याचे दिसून आले व पुढील वर्षी रुग्णांना एल-डोपा देण्यात आले. हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून मद्रास येथील संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. त्याचा मेंदूशी असलेला संबंध मात्र तेव्हा कोणाच्याही लक्षात आला नव्हता.

अपुऱ्या ज्ञानावर आधारलेले उपचार किती घातक ठरतात, हेही या शाखेच्या इतिहासात दिसते. मेंदूच्या अग्रखंडातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया एगाश मोनीश यांनी १९३५ मध्ये सुरू केली व तिच्याबद्दल १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती हजारो रुग्णांवर करण्यात आली आणि पुष्कळांचे व्यक्तिमत्त्व कायमचे बधिर झाले.

वैद्यकाबाहेरील उपयोगांत संगणकविज्ञान महत्त्वाचे आहे. वॉरन मॅक्‌कलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये तंत्रिका कोशिकेची गणिती प्रतिकृती मांडली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेतील जालांची परंपरा तेथून सुरू होते. मात्र या जालांचे मेंदूशी असलेले साम्य ढोबळ आहे. मानवी मेंदूत सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका आहेत. २०२४ मध्ये संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला तो फळमाशीच्या मेंदूचा, आणि त्यात सु. १,४०,००० कोशिका आहेत.

भारतात जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे तंत्रिका शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला व १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्था आणि मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र या प्रमुख संस्था होत. या शास्त्राचा न्यायदानाशी संबंधही येथे वादाचा ठरला. हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या विद्युत् आलेखनापासून विकसित झालेली एक चाचणी २००८ मध्ये पुणे येथील सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात पुराव्याचा एक भाग म्हणून ग्राह्य धरली होती. आरोपीच्या मनात गुन्ह्याची आठवण आहे की नाही हे अशा आलेखावरून सांगता येते, या दाव्याविषयी अनेक तज्ञांनी गंभीर शंका व्यक्त केल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्व्ही विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, व्यक्तीच्या संमतीवाचून अशी चाचणी घेणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करण्यासारखे असून संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चा भंग करणारे आहे, असा निर्णय दिला.