अळूचा हिवाळा

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या अळूची निगा कोणी राखीत असेल, असे आपल्याला सहसा वाटत नाही. श्रावणात वड्यांसाठी पाने खुडावीत, कार्याच्या दिवशी फदफद्यासाठी देठ सोलावेत, खाजू नये म्हणून चिंच घालावी. एवढाच काय तो त्याच्याशी आपला संबंध. आपली घराणी ज्या ज्या प्रांतांत स्थिरावली, तेथेही हे झाड आधीपासून होतेच. ग्वाल्हेरीत शेजारी त्याच्या कंदाला घुइया किंवा अरबी म्हणत, बडोद्यास त्याच्या पानांचे पात्रे होत, हैदराबादेत कंद चामगड्ड या नावाने विकायला येई, गोव्यात रानच्या तेऱ्याची पावसाळी भाजी होई. मात्र याच अळूला एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सार्वजनिक बागेत मानाची जागा मिळाली, आणि तीही केवळ हत्तीच्या कानाएवढ्या पानांच्या शोभेसाठी, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाने जून ते सप्टेंबर दिमाखात डोलत. खरा प्रश्न पुढच्या आठ महिन्यांचा होता.

उष्ण देशातील झाड म्हणजे बारमाही उष्णता, अशी युरोपातील माळ्यांची जुनी समजूत. म्हणून ते अशा झाडांना ‘स्टोव्ह’ म्हणजे भट्टीचे काचघर बांधीत. या कल्पनेचा कळस डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथे झाला. डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३६ ते १८४० या काळात तेथे ‘ग्रेट स्टोव्ह’ उभारला. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट; मधून घोडागाडी जाई. आठ बॉयलर अहोरात्र पेटलेले असत आणि गरम पाण्याचे सुमारे सात मैल नळ जमिनीखालून फिरवलेले. कोळशाची वाहतूक पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिच्यासाठी भुयार होते. काचेवर तेव्हा सरकारी करही होता. तो १८४५ साली उठला आणि मग काचघरे मध्यम स्थितीतील लोकांच्याही आवाक्यात येऊ लागली.

याच पॅक्स्टनच्या हाताखालचा तरुण माळी जॉन गिब्सन याला ड्यूकने १८३५ साली हिंदुस्थानात धाडले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात डॉ. वॉलिच यांच्याकडे उतरून तो खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ साली झाडे घेऊन परतला. ती जगली याचे बरेच श्रेय लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेट्यांना द्यावे लागेल. १८२९ साली ओल्या मातीत किड्याचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीत आपोआप नेचा उगवलेला पाहून वॉर्ड यांना ही युक्ती सुचली होती. पेटीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते. खारा वारा आत शिरत नाही.

हाच गिब्सन पुढे लंडनच्या बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला, आणि १८६०च्या दशकात त्याने तेथे उष्णदेशीय झाडांचे वाफे उघड्यावर मांडले. केळी, कर्दळी, एरंड आणि अळू! कामगारवस्तीतल्या लोकांनी अशी पाने पूर्वी पाहिली नव्हती. बागेला गर्दी लोटू लागली. अळूला तिकडे तेव्हा ‘कॅलेडियम एस्क्युलेंटम’ म्हणत. आज शास्त्रज्ञ त्याला ‘कोलोकेशिया एस्क्युलेंटा’ म्हणतात. त्यातला दुसरा शब्द ‘खाण्याजोगे’ या अर्थाचा आहे, पण इंग्रज प्रेक्षकाला त्याचे सोयरसुतक नसावे.

हिवाळ्यात मात्र अळूने आपला स्वभाव दाखवला. केळीला उबेची जागा हवी, अळूला झोप हवी. पहिल्या हिमाने पाने काळवंडली की देठ कापायचे, अळकुड्या उकरून काही दिवस वाऱ्यावर सुकवायच्या, मग कोरड्या वाळूत वा पेंढ्यात घालून दहा-बारा अंश उष्णतेच्या अंधाऱ्या कोठीत ठेवायच्या. पाणी नाही, उजेड नाही. वसंताच्या आरंभी कुंडीत लावून ऊब दिली की कोंभ येतो. दयाबुद्धीने हिवाळ्यात पाणी घालणाऱ्याची अळकुडी कुजते. अळूचीच चुलत भावंडे असलेल्या ‘अलोकेशिया’ जातीची रीत निराळी. ती बहुधा सदाहरित असल्याने उजेडाच्या खिडकीपाशी, पंधरा-अठरा अंशांहून खाली न उतरणाऱ्या खोलीत ठेवावी लागतात. पाणी बेताचे, पण हवा दमट हवी. शेगडीने कोरड्या झालेल्या दिवाणखान्यात पानांच्या पाठीवर तांबडे कोळी धरतात, म्हणून कुंडीखाली पाणी व खडे घातलेली ताटली ठेवण्याचा प्रघात पडला.

१८७१ साली विल्यम रॉबिन्सन यांनी या बागांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि थंडी सोसणाऱ्या, पण भव्य पानांच्या झाडांचा पुरस्कार केला. त्यांचे म्हणणे रास्त होते, असे आम्हांस वाटते. उघड्यावर तीन-चार महिन्यांच्या शोभेसाठी वर्षभर काचघर तापवायचे, हा व्यवहार फार काळ टिकणारा नव्हता. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, बॉयलर विझले आणि चॅट्सवर्थच्या ‘ग्रेट स्टोव्ह’मधली झाडे गारठून मेली. १९२० साली ती वास्तू सुरुंगांनी पाडण्यात आली. त्या जागेवर १९६२ साली यू वृक्षांचा भूलभुलैया लावला गेला.

आमच्या ग्वाल्हेर-इंदुराकडच्या घरांतही हिवाळा अळूला सुखाचा नसतो. तिकडे हिंदीत हिमाला ‘पाला’ म्हणतात, आणि पाला पडला की अळूचा पाला जातो, ही कोटी बहुतेक घरांत एकदा तरी होते. पाने गेली तरी कंदाला धक्का लागत नाही. सांडपाण्याचा पाट अन्यत्र वळवून, वर वाळलेली पाने पसरून ठेवली की तो जमिनीतच पडून राहतो. फाल्गुनात माती भुसभुशीत करताना फावडे जरा बाजूने चालवावे लागते, एवढेच.