व्हिजिटिंग कार्डावरची एक ओळ : नोकरी सोडून सल्लागार झालेला टेलर

मागच्या व्याख्यानात आपण कारखान्यातल्या फोरमनबद्दल बोललो. आज त्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. "कंपनी सोडली, आता स्वतःचं कन्सल्टिंग करतो" हे वाक्य हल्ली पुण्या-मुंबईत कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. आम्हीही ते बरीच वर्षं म्हणत आलो आहोत, त्यामुळे विषय जरा घरचाच आहे. पण हा धंदा कसा उभा राहिला, हे आम्ही नोकरी सोडली तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर दोन-तीन चुका तरी टळल्या असत्या.

पैसे घेऊन सल्ला देणारा इंजिनिअर ही गोष्ट तशी जुनी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जॉन स्मीटन पूल, कालवे, दीपगृहं यांच्यासाठी असाच सल्ला देत असे. पण त्याचा सल्ला दगडाचुन्याबद्दल होता. "तुमचा कारखाना तुम्ही नीट चालवत नाही, तो कसा चालवावा हे मी सांगतो," असं मालकालाच सांगणारा आणि त्याचे पैसे मागणारा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दिसू लागला. पहिला कोण, या वादात आपण पडायला नको. आर्थर लिटल नावाचा एक रसायनतज्ज्ञ कागदाच्या लगद्याच्या गिरणीत नोकरीला होता. ती सोडून १८८६ मध्ये त्याने रॉजर ग्रिफिन या भागीदाराबरोबर बॉस्टनमध्ये सल्ल्याचं दुकान थाटलं. पुढे त्याच्या नावाची कंपनी शंभर वर्षांहून जास्त चालली. डुकराच्या कानापासून रेशमी बटवा होत नाही, अशी इंग्रजीत म्हण आहे. या लिटलसाहेबांनी १९२१ मध्ये डुकरांच्या कानांपासून बनवलेल्या सरसाचे धागे ओढून खरोखरच बटवा विणून दाखवला! जाहिरात करावी तर अशी. पण आजचा आपला माणूस हा नव्हे.

आपला माणूस फ्रेडरिक विन्स्लो टेलर. जन्म १८५६, फिलाडेल्फियाजवळचं जर्मनटाऊन. घर खातंपितं, वडील वकील. हा मुलगा हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला, पण डोळ्यांच्या त्रासाने तिकडे न जाता कारखान्यात उमेदवारी करू लागला. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून लागला आणि सहाएक वर्षांत मुख्य इंजिनिअर झाला. मधल्या काळात नोकरी करता करता, घरी अभ्यास करून, १८८३ मध्ये इंजिनिअरिंगची पदवीही घेतली. आणि १८८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद! ही माणसं झोपत कधी होती कोण जाणे.

मिडव्हेलमध्येच त्याला स्टॉपवॉचचं वेड लागलं. लेथवरचा कामगार दिवसाला किती काम करतो आणि किती करू शकतो, यातलं अंतर त्याला दिसलं, कारण तो स्वतः त्या लेथवर उभा राहिला होता. कामगार मुद्दाम हात राखून काम करतात, हे त्याचं म्हणणं. का राखतात, तेही तो प्रामाणिकपणे सांगतो : जास्त माल काढला की मालक नगाचा दर कापतो. म्हणजे आज घाम गाळायचा आणि उद्या त्याच पैशांसाठी दुप्पट गाळायचा. ही दुखणी त्याने आत राहून पाहिली होती, आणि बाहेर पडल्यावर त्याचं भांडवल हेच होतं.

१८९० मध्ये त्याने मिडव्हेल सोडलं, पण लगेच स्वतंत्र झाला नाही. कागदाचा लगदा करणाऱ्या एका नव्या कंपनीचा जनरल मॅनेजर झाला. मेन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत गिरण्या, मागे बडे भांडवलदार. आज आपण ज्याला मोठी उडी म्हणतो ती. ही तीन वर्षं त्याला फार जड गेली. यंत्रं नवी, प्रक्रिया कटकटीची, आणि वर बसलेल्या मंडळींना कारखान्यापेक्षा पैशाच्या उलाढालीत रस. या काळानंतर पैसा गुंतवणाऱ्या लोकांबद्दल त्याच्या मनात कायमची अढी बसली. पण याच वाईट नोकरीत त्याने एक गोष्ट कमावली. तो हिशेब शिकला. रेल्वे कंपन्या जशी महिन्याच्या महिन्याला खर्चाची वर्गवारी करत, त्या धर्तीवर कारखान्याचा खर्च मांडायची पद्धत त्याने बसवली. ज्या नोकरीला आपण नंतर शिव्या घालतो, तिथलंच एखादं कौशल्य पुढे आपलं पोट भरतं, हा अनुभव आमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे.

१८९३ मध्ये त्याने ती जागा सोडली. वय ३७. आणि मुहूर्त कसला? त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या बुडाल्या. अशा वेळी या गृहस्थाने सल्लागार इंजिनिअर म्हणून कार्ड छापून घेतलं. कार्डावरच्या ओळीचा मराठीत अर्थ असा, की कारखान्याच्या कामाची व्यवस्था लावणं आणि उत्पादनखर्चाचा हिशेब बसवणं ही आमची खासियत. त्यात "सर्व प्रकारची कामं केली जातील" असं नाही. नेमक्या दोन गोष्टी. आमच्या पहिल्या कार्डावर सात होत्या, आणि त्यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाचा फोन आला नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी अशा यशोगाथांतून गाळली जाते. टेलरच्या मागे घरची सुबत्ता होती. मंदीत त्याचंही नुकसान झालं, पण उद्या चूल पेटेल की नाही ही चिंता त्याला नव्हती. ज्याला दर महिन्याला हप्ता भरायचा आहे तो गिऱ्हाइकाला "नाही" म्हणू शकत नाही, आणि जो "नाही" म्हणू शकत नाही त्याला स्वतंत्र तरी कसं म्हणायचं?

पुढची पाच वर्षं तो गावोगाव फिरत होता. कुठे पोलाद, कुठे जहाजबांधणी, कुठे विजेची यंत्रं. १८९५ मध्ये त्याने मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मजुरीच्या दरांवर निबंध वाचला. त्याची कल्पना अशी : एका कामाला खरोखर किती वेळ लागतो ते मोजा, तेवढ्यात जो करील त्याला चढा दर, जो करणार नाही त्याला कमी. हा निबंध म्हणजे त्याचं ज्ञान होतं, आणि एका परीने त्याचा फलकही होता.

मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्ग गावी सायकलीच्या बेअरिंगच्या गोळ्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे १२० मुली बोटांवर गोळ्या फिरवून खोट शोधत बसत, रोज साडेदहा तास. टेलरच्या सांगण्याप्रमाणे त्याने तास कमी करून साडेआठवर आणले, मध्ये विश्रांती दिली, मजुरी जवळजवळ दुप्पट केली, आणि तेच काम ३५ मुली करू लागल्या. हे ऐकताना छान वाटतं. आता वजाबाकी करा. ८५ मुलींचं काय झालं? टेलरच्या कथनात त्यांना एकच वाक्य मिळतं : त्या मंद होत्या, त्यांना काढावं लागलं. आणि काढल्या गेलेल्यांत काही कष्टाळू, विश्वासू मुलीही होत्या, हे तो स्वतःच कबूल करतो.

मग १८९८ मध्ये बेथलेहेम स्टील. हे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तोपर्यंत तो आपली माणसं बरोबर नेऊ लागला होता. हेन्री गँट आला, तोच, ज्याच्या नावाचा तक्ता आपण आजही प्रोजेक्टच्या भिंतीवर लावतो. कार्ल बार्थ नावाचा नॉर्वेहून आलेला गणिती आला. कंपनीतल्या माउन्सेल व्हाइटबरोबर टेलरने हत्यारांच्या पोलादावर प्रयोग केले. एका ठराविक पद्धतीने फार वरच्या तापमानापर्यंत तापवलेलं हत्यार, टोक लालबुंद झालं तरी कापतच राहतं, असं आढळलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दाखवलं तेव्हा युरोपातले इंजिनिअर बघत राहिले. आज कुठल्याही टर्नरला 'हाय स्पीड स्टील' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ते इथलं.

पण टेलरचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. बेथलेहेमच्या आवारात पिग आयर्नचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे ठोकळे रेल्वेच्या डब्यात चढवायचे होते. एक ठोकळा ९२ पौंडांचा, सुमारे ४२ किलोचा. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलर सांगतो, की 'श्मिट' नावाच्या एका मजुराला निवडलं, कधी उचल आणि कधी बस हे सांगितलं, आणि त्याने साडेसत्तेचाळीस टन भरले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीहून थोडा जास्त. ही गोष्ट त्याने शेकडो वेळा सांगितली, १९११ च्या पुस्तकात घातली. श्मिटचं खरं नाव हेन्री नोल. पुढे १९७४ मध्ये रेगी आणि पेरोनी या दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं, की टेलरने गोष्टीला बरंच मीठमसाला लावलं होतं. म्हणजे बघा, सल्लागार आपल्या 'केस'ची गोष्ट रंगवून सांगतो, ही परंपराही धंद्याइतकीच जुनी.

बेथलेहेममध्ये शेवट मात्र कडू झाला. त्याला आणणारा जोसेफ व्हॉर्टन हा मोठा भागधारक. ज्याच्याबरोबर रोज काम करायचं तो अध्यक्ष रॉबर्ट लिंडरमन. फोरमन नाराज, अधिकारी नाराज. आवारातली चारशे ते सहाशे मजुरांची संख्या १४० वर आली तेव्हा मालकमंडळीही अस्वस्थ झाली. का? टेलरच्या सांगण्याप्रमाणे, गावातली भाड्याची घरं आणि दुकानंही त्यांचीच होती. मजूर गेले तर भाडेकरू गेले! १९०१ च्या वसंतात लिंडरमनने दोन ओळींचं पत्र पाठवलं, की १ मेनंतर आपल्या सेवेची गरज नाही. तीन वर्षांचं काम, आणि निरोप असा.

आम्हाला यात एक फार ओळखीची गोष्ट दिसते. नोकरी सोडताना आपल्याला वाटतं, की साहेब सुटला. साहेब सुटत नाही, फक्त दर वेळी नवा मिळतो. आम्हाला पहिलं काम देणाऱ्या कारखान्यात ज्यांनी बोलावलं त्यांची सहा महिन्यांत बदली झाली. नव्या साहेबांनी आमचा अहवाल न उघडताच कपाटात ठेवला. मानधनाचा शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.

टेलरने यावर तोडगा काढला, तो तुम्हा-आम्हाला परवडणारा नाही. १९०१ नंतर त्याने पैसे घेऊन काम करणंच सोडून दिलं. पैशासाठी काम करणं आता मला परवडत नाही, असं तो म्हणे. फिलाडेल्फियाच्या घरी लोक येत, तो तासन्‌तास बोले, आणि काम हवं असेल तर गँट किंवा बार्थकडे पाठवी. शिष्य फी घेत.

१९१० मध्ये रेल्वे कंपन्यांनी भाडेवाढ मागितली. विरोधी बाजूचे वकील लुई ब्रँडाइस यांनी साक्षीदार आणले. त्यातल्या हॅरिंग्टन इमर्सन यांनी सांगितलं, की कारभार नीट केला तर रेल्वे दिवसाला दहा लाख डॉलर वाचवतील. 'सायंटिफिक मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग याच खटल्यातून घरोघर गेला. मग काय, हातात स्टॉपवॉच घेतलेला जो तो 'एफिशियन्सी एक्स्पर्ट' झाला. टेलरचं म्हणणं होतं की ही व्यवस्था बसवायला वर्षं लागतात. हे लोक महिन्यांत बसवून देऊ लागले. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात साच्यात धातू ओतणाऱ्या एका कामगाराने घड्याळासमोर काम करायला नकार दिला. त्याला काढलं, आणि सगळे ओतारी बाहेर पडले. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे टेलरला साक्ष द्यावी लागली. मालक-कामगार भांडण मिटवण्यासाठीच आपण हे सगळं केलं, असं तो सांगत राहिला. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता, असं आमचं मत आहे. २१ मार्च १९१५ रोजी तो वारला, ५९ वर्षं पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता आपल्या गावाकडे येऊ. हे वारं मुंबईच्या गिरणगावातही आलं. १९२७-२८ मध्ये ससून गटाच्या गिरण्यांत 'एफिशियन्सी'ची योजना आली. साचाखात्यात दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवायचे, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. कारण तेच : परदेशी मालाशी स्पर्धा, खर्च कमी करा. पण कापूस हलका असेल तर धागा सारखा तुटतो, आणि तिसऱ्या साच्यावरचा तुटलेला धागा जोडायला हात तेच दोन. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणी कामगार युनियन जन्मली ती या संपात. तो मिटताना फॉसेट समिती नेमावी लागली, आणि माणसामागे किती साचे हा तिच्यापुढच्या मुख्य प्रश्नांतला एक होता. फिचबर्गच्या ८५ मुलींना संघटना नव्हती. लालबाग-परळच्या माणसांनी ती उभी केली.

त्या समितीपुढे दोन्ही बाजूंनी काय मांडलं गेलं, तो मोठा विषय आहे. पुढच्या महिन्याचं व्याख्यान त्यावरच ठेवलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गिरणीत काम केलेलं माणूस असेल, तर त्याला साच्यांबद्दल विचारून या. आता दहा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ.