कीसलिंग, जे
(१९६४– ). अमेरिकन जैव-अभियंता. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट (१९९१) मिळवून ते १९९२ मध्ये बर्कली येथे प्राध्यापक झाले. एखादे जनुक उसने आणण्यापेक्षा पेशीचा सारा चयापचय नव्याने मांडणे त्यांनी महत्त्वाचे मानले. आपल्या दवण्याच्याच प्रजातीतील एका चिनी वनस्पतीपासून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळते. त्याचा पूर्वघटक, आर्टेमिसिनिक आम्ल, त्यांच्या गटाने २००६ मध्ये यीस्टकडून बनवून घेतला. २०१३ पर्यंत उत्पादन लिटरमागे २५ ग्रॅमवर गेले. पुढे वनस्पतिजन्य औषधच स्वस्त झाल्याने हा खटाटोप फसला, असा आक्षेप घेतात. तो बाजारापुरता खरा आहे. पद्धतीला मात्र लागू पडत नाही. २०२२ मध्ये सदाफुलीतील कर्करोगरोधी विनब्लास्टिनचे पूर्वघटकही याच गटाने यीस्टमध्ये घडवले, आणि ते काम कितीतरी किचकट होते.