एकवीस दिवसांची वीज

गुरुग्रामहून फरीदाबादला जाणाऱ्या रस्त्यावर ग्वाल पहाडी आणि बंधवाडी ही दोन गावं शेजारीशेजारी आहेत. ग्वाल पहाडीत उद्याच्या विजेवर संशोधन चालतं. बंधवाडीत दोन शहरांचा कचरा साठतो. मी याच शहरात राहतो. भविष्यातल्या तंत्रज्ञानाविषयी कुणी मोठं बोलू लागलं की मला ही दोन गावं आठवतात, आणि त्यांच्याही आधी दिल्लीचं तिमारपूर.

१९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि ३.७५ मेगावॉट वीज काढायची, असा बेत होता. प्रकल्प जेमतेम एकवीस दिवस चालला. यंत्रं जळाऊ, कोरड्या कचऱ्यासाठी बनवलेली होती. इथे मात्र कागद, पुठ्ठा, प्लास्टिक घराच्या दारातूनच कबाडीवाला उचलत होता. उरायची ती ओली सालं, माती आणि राख. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. त्यामुळे असला कचरा अपेक्षेच्या निम्मीसुद्धा उष्णता देईना. जे जळण्याजोगं होतं, ते गरिबांनी आधीच कामी लावलं होतं. आराखड्यात त्यांची नोंद नव्हती.

ग्वाल पहाडीला १९८२ साली सौर ऊर्जा केंद्र स्थापन झालं. तिथे १९८९ मध्ये आरशांनी ऊन एकवटून ५० किलोवॉट वीज करणारं संयंत्र सुरू झालं. वर्षभरात ते बंद पडलं. ऊन भरपूर होतं, सुटे भाग मिळेनात. पुढे याच आवारात आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने १ मेगावॉटचं सौर-औष्णिक केंद्र झालं. तोवर साधी सौर पॅनेलं इतकी स्वस्त होत गेली की बाजार त्यांच्याकडे वळला. २०१६ मध्ये इथेच आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या मुख्यालयाची पायाभरणी झाली.

बंधवाडीचं गणित मात्र सुटलेलं नाही. तिथला प्रक्रिया प्रकल्प २०१३ च्या आगीनंतर ठप्प झाला. २०१७ मध्ये कचऱ्यापासून वीज करण्याचा करार झाला, पण ते वीजघर उभं राहिलं नाही. अरवलीच्या कुशीत ढीग मात्र वाढत राहिला, आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्याची झळ आसपासच्या गावांना बसली.

म्हणून प्लाझ्मा, हायड्रोजन किंवा अणुसंलयनाच्या बातम्या वाचताना मी आधी साधे प्रश्न विचारतो. सुटा भाग कुठून येणार? दुरुस्ती कोण करणार? ओलं-सुकं कोण वेगळं करणार, आणि त्याला मजुरी किती? आमच्या सोसायटीत दोन रंगांचे डबे आहेत. खाली उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही एकाच ढिगात रिकामे होतात. तिमारपूरच्या भट्टीत १९८७ साली जे गेलं, तेच मिश्रण रोज सकाळी बंधवाडीच्या वाटेला लागतं.